तांदळातलं नाव

शेवटचा पेपर देऊन बाहेर आलो, तेव्हा कावेरी कोरडी पडली होती. आमचं कॉलेज नदीच्या पलीकडे आहे. पाणी असतं तेव्हा आम्ही होडीनं जातो-येतो. उशिरा येणाऱ्या पोरांना होडीवाला काठावरच ठेवून निघतो आणि वर हात हलवून त्यांचा निरोप घेतो. चैत्र आला की होडी पालथी पडते, तिच्या सावलीत कुत्री झोपतात, आणि आम्ही वाळूतून चालत घर गाठतो. चालत म्हणजे पळतच. चपला असूनही तळवे भाजतात. पात्राच्या मधोमध एक ओलसर पट्टा तेवढा राहिलेला असतो. तिथे जो तो थांबतो, पाय निववतो आणि शेजारच्याला विचारतो, "कसा गेला?"

"गेला," एवढंच उत्तर द्यायचं असतं.

या दिवसांना पंचांगात नाव नाही. परीक्षा संपलेली असते आणि निकाल लागलेला नसतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही, त्यामुळे अशा दिवसांचं काय करायचं हे कोणालाच ठाऊक नाही. अप्पांचं शिलाईचं दुकान आहे. वकिलांचे कोट, मास्तरांचे कोट, आणि हल्ली कॉलेजातल्या पोरांचेही. तिथे कोट अंगात बसतो किंवा बसत नाही, आणि ते तिथल्या तिथे कळतं. "काम करून द्यायचें आणि मग बरें झालें कीं नाहीं याची वाट पाहत बसायचें, हें काय रे तें?" असं अप्पा मला विचारतात. मला त्यांना ते अजून नीट सांगता आलेलं नाही.

पण हे दिवस मला आवडतात. दुपारी गल्ली ओस पडते. कासारांच्या आळीतून पितळ ठोकल्याचा आवाज येतो, थांबतो, पुन्हा येतो. कडुनिंबाची फुलं अंगणात पडतात आणि सुकली तरी त्यांचा वास जात नाही. प्रत्येक गच्चीवर धोतरं पसरून त्यावर तांदळाच्या पिठाचे वडाम वाळत घातलेले असतात आणि प्रत्येक गच्चीवर कावळ्यांशी कोणी ना कोणी भांडत असतं. दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत, इंटरची परीक्षा देऊन मी निकालाची वाट पाहत होतो, तेव्हा मी आणि माझी बायको समुद्र ओलांडून लंकेला गेलो होतो. आमचं लग्न नुकतंच फाल्गुनात झालं होतं.

हनीमून हा शब्द मला कॉलेजात भेटला. इंग्रजीच्या वर्गात एका गोष्टीतले नवरा-बायको लग्न लागल्याबरोबर गाडीत बसून दुसऱ्या देशाला निघून जातात. का जातात ते मास्तरांनी सांगितलं नाही. ते पान त्यांनी जरा घाईनंच वाचलं. मी मात्र ते घरी येऊन पुन्हा वाचलं. मग लग्न झालं, आणि कोलंबोहून काकांचा निरोप आला. काका म्हणजे अप्पांचे धाकटे भाऊ. तिकडे चहाच्या मळेवाल्या साहेबांचे कोट शिवतात. लग्नाला यायला जमलं नव्हतं, म्हणून त्यांनी कळवलं होतं की दोघांना इकडे धाडा, सुनेचं तोंड तरी पाहीन.

"याला इंग्रजीत हनीमून म्हणतात," मी जेवताना बोलून गेलो.

"म्हणजे काय तें?" अम्मानं विचारलं. ती वाढत होती.

"हनी म्हणजे मध. मून म्हणजे चंद्र."

"मध आणावयास समुद्र ओलांडावा लागतो? बाजारात डोंगरातला मध येतो कीं."

"चंद्रही इथून दिसतो," अप्पा म्हणाले.

अम्मानं माझ्या पानात भाजी वाढली आणि सरळ तोंडानं म्हणाली, "राम बायकोस आणावयास लंकेस गेला. आमचा हा बायकोस पोंचवावयास निघाला."

दाराआड बांगड्या वाजल्या. तिथे उभी असलेली ती हसली की नुसती हलली, हे मला तेव्हा कळलं नाही.

ती पट्टीश्वरमची. देवीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिच्या वडिलांचं दुकान आहे. यात्रेकरूंना धोतरं आणि पातळं विकतात. तीन बहिणी. थोरली कृष्णा, मधली तुंगा आणि धाकटी ही गोदावरी. आमच्या लोकांत अशी नावं पुष्कळ. पूर्वज राजांच्या मागून तंजावरला आले, तंबू शिवायला आले असं अप्पा सांगतात. पुढे राज्य कंपनी सरकारनं घेतलं, तंबू गेले, सुई राहिली. कावेरीचं पाणी पिऊन मुलींना नावं मात्र आम्ही मागे राहिलेल्या नद्यांची देत आलो. त्या नद्या आमच्यापैकी कोणी पाहिलेल्या नाहीत. कोणी विचारलं की गोदावरी कोणत्या बाजूला वाहते, तर आमच्या गल्लीत सगळे उत्तरेकडे हात करतील, आणि तो हात प्रत्येकाचा जरा वेगळ्या दिशेला असेल.

भाषेचंही तसंच. एकदा पुण्याकडचे एक गृहस्थ आमच्याकडे कीर्तनाला आले होते. अम्माचं बोलणं ऐकून म्हणाले, "बाई, तुम्ही अगदी बखरीतल्यासारख्या बोलता." अम्मानं त्यांना आणखी एक इडली वाढली आणि विचारलं, "मग तुम्ही बोलतां ती कोणती भाषा?"

आमच्यात लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यावर तिचं नवं नाव लिहायचं. आमच्या गल्लीत हे लिहिणं पुष्कळ वर्षं नावालाच उरलं होतं, कारण आम्ही घरात मराठी बोलतो पण लिहितो-वाचतो ते तमिळ. अभंगसुद्धा आमच्याकडे तमिळ अक्षरांत उतरवलेले आहेत. त्यामुळे नवरा तांदळावर दोन रेघा ओढायचा आणि भटजी सांगतील ते नाव व्हायचं. मी कॉलेजात संस्कृत घेतलं होतं, त्यामुळे मला बालबोध, म्हणजे देवनागरी, अक्षरं येत होती. घरात ती येणारा मी पहिलाच. मी ताट जवळ ओढलं आणि सावकाश लिहिलं: नलिनी. कमळाची वेल. हे नाव मला एका पुस्तकात सापडलं होतं आणि आमच्या अख्ख्या गल्लीत ते कोणाचं नव्हतं. अक्षरं देखणी आली. भटजी खाली वाकून तिच्या कानाशी काहीतरी बोलले, आणि त्याच क्षणी नागस्वरम् फुंकणाऱ्यांनी आणि तविल बडवणाऱ्यांनी मांडव डोक्यावर घेतला.

त्यानंतर तिला नावानं हाक मारायची वेळ कोणावर आली नाही. अम्मा "सूनबाई" म्हणायची. अप्पा "मुली" म्हणायचे. मी खाकरायचो.

आज हे लिहिताना वाटतं, सगळी गोष्ट त्या खाकरण्यातच होती. पण तेव्हा घर भरलेलं होतं, तिच्याशी एकट्यानं बोलायला जागा नव्हती, आणि जागा मिळाली असती तरी काय बोलायचं हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मला वाटायचं, गाडीत बसलो की बोलू.

गाडीत बसलो. लंकेच्या बोटीला जोडून असलेली गाडी मद्रासहून येते आणि आमच्या कुंभकोणमला थोडा वेळ थांबते. अम्मानं चिंचेचा भात आणि तिखट पूड लावलेल्या इडल्या केळीच्या पानात बांधून दिल्या होत्या. अप्पांनी माझ्या कोटाची कॉलर फलाटावर पुन्हा एकदा सरळ केली. तो त्यांनीच शिवला होता. आमच्या डब्यात मळ्यांवर कामाला निघालेली कुटुंबं होती. गाठोडी, लेकरं, हंडे, एकाच्या मांडीवर झाकलेली कोंबडी. गोदावरी खिडकीशी बसली. मी एक इंग्रजी पुस्तक उघडून समोर बसलो आणि एक वाक्य मनात तयार केलं.

"गरम होतंय का?"

"नाहीं."

पुढचं स्टेशन येईपर्यंत मी दुसरं वाक्य तयार केलं.

"तहान लागली आहे का?"

"नाहीं."

शेजारची एक म्हातारी हे पाहत होती. ती तमिळमध्ये तिला म्हणाली, "पोरी, हा तुझी परीक्षा घेतो आहे की काय?" गोदावरी खिडकीबाहेर पाहत राहिली. पण तिचे खांदे हलले, आणि दाराआडच्या बांगड्यांचं उत्तर मला तिथे मिळालं. ती हसत होती.

सकाळ झाली तेव्हा हिरवं सगळं मागे गेलेलं होतं. ताडाची झाडं, वाळू, मिठागरं, आणि मग एका बाजूला समुद्र. मी पहिल्यांदाच पाहत होतो. ती पण. तिनं पदर सावरला, जसा मोठी माणसं समोर आली की सावरतात.

समुद्रावरच्या पुलाच्या अलीकडे गाडी रिकामी करतात. लंकेला जाणाऱ्यांची तिथे तपासणी होते. ताप, देवी, डोळे, सगळं पाहतात. मजुरांना काही दिवस तिथेच ठेवून घेतात. आमच्यासारख्यांना पाहून सोडतात. पुरुष एका छपरात, बायका दुसऱ्यात, मध्ये बांबूचा तट्ट्या. परवाना काढताना आमची दोघांची नावं मीच सांगितली होती. माझी तपासणी झाली. बोट संध्याकाळच्या आत सुटणार होती. मी बाहेर येऊन वाट पाहत उभा राहिलो.

तट्ट्यापलीकडे हाक ऐकू आली, नलिनीबाईंची, तमिळ उच्चारात. "नळिनी अम्माळ!"

कोणी उठलं नाही.

"नळिनी! नळिनी अम्माळ, कुंभकोणम्!"

मी तट्ट्याला तोंड लावून सांगणार होतो, पण पुरुषांनी तिकडे पाहायचं नाही असा नियम होता आणि पहारेकरी माझ्याकडेच पाहत होता. थोड्या वेळानं तिथल्या नर्सबाई बाहेर आल्या. तिरुनेलवेलीकडच्या ख्रिस्ती बाई, पांढरी साडी, आवाज शाळेतल्या घंटेसारखा. बोलणं सगळं तमिळमध्ये चाललं होतं; तंबी म्हणजे धाकटा भाऊ.

"तंबी, तुझी बायको आत नाही."

"आहे हो. मोहरीच्या फुलासारखं पिवळं पातळ."

"पिवळ्या पातळाची मुलगी आहे. ती म्हणते, माझं नाव गोदावरी."

"तीच ती."

"मग नळिनी कोण?"

"तीपण तीच," मी म्हणालो. नर्सबाईंचा चेहरा बदलला. तिथे काय काय घडतं ते आम्ही डब्यातच ऐकलं होतं. मुलींना फसवून, भलतीच नावं सांगून मळ्यांवर नेतात, आणि म्हणून तिथल्या तपासणाऱ्या बायांना प्रत्येक मुलीला एकटीला विचारावं लागतं. खात्री पटली नाही तर मुलीला ठेवून घेतात आणि माहेरी कळवतात. माझ्या डोळ्यांपुढे पट्टीश्वरमचं ते दुकान आलं, सासरे आले, आणि त्यांच्या हातातली तार आली.

नर्सबाईंनी तिला तट्ट्याजवळ आणलं. तट्ट्यातून मला तिच्या पातळाचा पिवळा रंग तेवढा दिसत होता.

"हा बाहेर उभा आहे तो कोण?"

"घरचे."

"त्याचं नाव?"

नवऱ्याचं नाव घेत नाहीत हे नर्सबाईंना ठाऊक होतं. त्यांनी ते सोडून दिलं.

"कुठे नेतो आहे तुला?"

"लंकेला."

"कशाला?"

ती अगदी स्पष्ट आवाजात म्हणाली, "मधासाठी."

"कशासाठी?"

"मध. मध आणि चंद्र. इथे दोन्ही मिळतं असं सासू-सासरे म्हणाले, पण यांनी ऐकलं नाही."

नर्सबाई इंग्रजी शिकलेल्या होत्या, त्यांना समजलं असावं. पण त्यांनी काही बोलायच्या आत ती माझ्याकडे वळली आणि तट्ट्यातून, आमच्या मराठीत, मला म्हणाली. लग्न झाल्यापासून तिनं आपण होऊन मला विचारलेला हा पहिला प्रश्न.

"अहो, नलिनी कोण?"

"काय म्हणाली ती? ही कोणती भाषा?" नर्सबाईंनी मला विचारलं.

"मराठी."

"मला सांग. तिनं म्हटलं तेच सांग."

मागे पुरुषांची रांग उभी होती. गाठोडीवाले, कोंबडीवाला, सगळे. मी तमिळमध्ये सांगितलं, "ती विचारते आहे, नळिनी कोण."

रांग हसली. कोंबडीवाला म्हणाला, "तंबी, दोघींना नेत असशील तर एकीचं तिकीट कमी पडेल." पहारेकऱ्यानं तोंड फिरवलं, पण तोही हसत होता.

मग मी सगळं सांगितलं. तांदूळ, अंगठी, ताट. आमच्यात नाव बदलतात हे. नर्सबाई ऐकत होत्या.

"तू तिला सांगितलं नाहीस?"

"लिहिलं होतं."

"तिला वाचता येतं?"

"येतं. तमिळ चांगलं वाचते."

"आणि तू कोणत्या अक्षरांत लिहिलंस?"

"बालबोध."

नर्सबाईंनी मला आपादमस्तक पाहिलं. राग नव्हता. एखाद्या माणसाला पत्र लिहून ते त्याच्याच घराच्या छपरावर टाकावं, तसं मी केलं होतं, आणि ते त्यांना दिसत होतं. त्या आत वळल्या.

"मुली, नीट ऐक. पलीकडे बोट लागली की पुन्हा हाक मारतील. तिथे मी नसेन. हा म्हणतो तू नळिनी. तू म्हणतेस तू गोदावरी. मी दुरुस्त करून देते, पण एकच लिहिणार. कोणत्या हाकेला तू उठशील?"

मला वाटलं ती माझ्याकडे पाहील, तुम्ही सांगा म्हणेल. नलिनी हे मी शोधलेलं नाव होतं, मला ते प्यारं होतं. आणि घरी अम्मा होती, भटजी होते, मांडवात बसलेली सगळी माणसं होती. आता हे मोडलं तर लग्नातलं काही मोडतं का, हे मला खरोखर ठाऊक नव्हतं. तट्ट्यापलीकडचा पिवळा रंग हलला नाही.

"गोदावरी लिहा," ती म्हणाली. "झोपेतून सुद्धां उठेन."

नर्सबाईंनी लिहिलं.

पुलावरून गाडी अगदी हळू जाते. दोन्ही बाजूंना पाणी, खाली पाणी. मग बोट. वर वारा एवढा होता की गोदावरीला पदर दोन्ही हातांनी धरावा लागला. कठड्याशी आम्ही उभे राहिलो. मी खाकरलो.

"घशांत काय होतें तुमच्या?" तिनं विचारलं. "तुमच्या घरी आल्यापासून पाहतें आहे."

"तुमच्या नव्हे, आपल्या घरी," मी म्हणालो.

"सरि, बरें. आपल्या घरी." मग थोड्या वेळानं, "नलिनी म्हणजे काय?"

"कमळाची वेल."

"आणि तें तुम्ही तांदळांत लिहिलें होतें."

"हो."

"मज वाटलें तुम्ही चित्र काढतां आहां. मी म्हटलें, नवरा बरा आहे, चित्रें काढतो." ती पाण्याकडे पाहत होती. "नांव चांगलें आहे. ठेवून द्या. मुलगी झाली तर तिला होईल. तिला आधीं सांगूं मात्र."

मी हसलो. मग म्हणालो, "गोदावरी." एवढंच. पुढे काय म्हणायचं ते ठरवलेलं नव्हतं.

"काय?"

"काही नाही."

"मग खाकरणें बरें होतें," ती म्हणाली.

पलीकडे बोट लागली. तिथल्या माणसानं हाक पुरी करायच्या आतच ती उठली.

कोलंबोबद्दल मला फार सांगता येणार नाही. सगळे विचारतात, समुद्र कसा, शहर कसं, साहेब लोक कसे. मला आठवतं ते काकांच्या दुकानामागचं अंगण, तिथली दालचिनीची साल, आणि गोदावरी काकांना पट्टीश्वरमच्या यात्रेकरूंच्या नकला करून दाखवत होती ते. काका डोळे पुसत हसायचे. "अरे, ही तर बोलते," ते मला म्हणाले. "तुझा बाप म्हणाला होता, मुलगी अगदी गरीब आहे." तिथे तिला सगळे गोदावरी म्हणत. काकांना दुसरं नाव कळलंच नव्हतं, आणि आम्ही कळवलं नाही. मध मात्र आणला. अम्मासाठी, बाटलीत.

परतीच्या वाटेवर मी घाबरलेला होतो, हे लिहायला हरकत नाही. तिकडे जे झालं ते परक्या छपरात झालं. इकडे अम्मा होती. नवी नवरी घरात रुळली की मग अम्मा तिला नावानं हाक मारायला लागणार, हे ठरलेलं होतं. हाक मारायची वेळ आली की कोणती हाक? मी गोदावरीला म्हणालो, "मी सांगेन. तू काही बोलू नकोस." ती म्हणाली, "सरि."

मी दोन दिवस सांगितलं नाही. शब्द जुळवत होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या दोघी गच्चीवर वडाम उलटत होत्या. मी जिन्यात होतो. अम्मा म्हणाली, "नलिनी, त्या कोपऱ्यांतले आधीं उलट, तिथें ऊन लवकर येतें."

माझा पाय पायरीवरच राहिला.

"अम्मा," गोदावरी म्हणाली, "तें नांव आम्ही ठेवून दिलें आहे. मज गोदावरीच म्हणा."

"ठेवून दिलें म्हणजे?"

"पुढें कोणाला लागेल म्हणून."

"नांव न बदलतां तूं या घरची कशी होशील गे?"

"आतां कावळे कोणाच्या वडामावरून हाकतें आहे मी?"

मी जिन्यातून वर डोकं काढलं. अम्मानं मला पाहिलं. ओरडेल असं वाटलं. ती ओरडली नाही. ती धोतरावर वाकून एकेक वडाम उलटत राहिली. पूर्ण ओळ संपली. मग मान वर न करता ती म्हणाली, "मज भीमा म्हणत असत."

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणते आहे. अम्माला मी रुक्मिणी म्हणून ओळखत होतो. सगळे ओळखत होते.

"कोण म्हणत असे?" गोदावरीनं विचारलं.

"आई. बाप. भाऊ होता तो. आतां कोण आहे?" आणि मग लगेच, अम्माच्या नेहमीच्या आवाजात, "गोदे, तो कावळा बघ."

हे दोन वर्षांपूर्वीचं. आजही ती गच्चीवर आहे. वरून तिचा आणि अम्माचा वाद ऐकू येतो आहे, पिठात मिरी जास्त पडली की कमी. माझा निकाल लागायचा आहे. मी नापास झालो तर काय, असं काल मी तिला विचारलं. ती म्हणाली, "मग पुन्हां बसा. मी काय नलिनीला बोलावूं?" तिला आता बालबोध वाचता येतं. मी शिकवलं नाही. माझ्या संस्कृतच्या पुस्तकावरून ती आपली आपण शिकली.

पण मला त्या दिवशीची संध्याकाळ लिहायची होती. अप्पा दुकानातून आले, हातपाय धुऊन पानावर बसले. मी शेजारी बसलो. अम्मा वाढत होती, गोदावरी दारात उभी होती. सकाळपासून एक गोष्ट माझ्या मनात घोळत होती. त्या नावानं अम्माला हाक मारायला आता जगात कोण उरलं आहे? मी मुलगा, गोदावरी सून, आम्हाला ते तोंडात घेता येत नाही. तसा एकच माणूस होता, आणि तो वरणभात कालवत होता. मी बोलणं कधी सुरू करत नाही. त्या दिवशी केलं.

"अप्पा, अम्माचं लग्नाआधीचं नाव तुम्हाला ठाऊक होतं?"

"ठाऊक नसावयास काय झालें?" अप्पा म्हणाले. "मीच तें बदललें. माझें नांव विठ्ठल. विठोबाच्या शेजारीं रखुमाई उभी राहते. भीमा बाहेर वाहते."

अम्माची पळी थांबली नाही. तिनं माझ्या पानात भात वाढला, मग अप्पांच्या पानाकडे वळून म्हणाली, "बाहेर वाहते म्हणून देवाचे पाय धुवावयास पाणी मिळतें."

गोदावरीनं पदर तोंडाला लावला. अप्पांनी वर पाहिलं, अम्माकडे, बराच वेळ. मग ते पुन्हा खाली पाहून जेवू लागले. मला वाटलं संपलं. मीही जेवू लागलो. भात संपत आला तेव्हा अप्पांनी पान थोडं पुढं सरकवलं.

"भीमे," ते म्हणाले, "थोडें ताक वाढ."